हात दाखवा

खोलीच्या खिडक्यांना आतून काळे कागद लावले होते. दार बंद झालं, निरीक्षकांनी टेबलावरचा लहानसा दिवा लावला आणि म्हणाले, "हात दाखवा."

कारकुनाच्या पोटात गोळा आला. सकाळी साडेदहालाच ठिबकच्या एका डीलरनं त्याच्या हातात पाकीट सरकवलं होतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. कृषी कार्यालयातल्या त्या टेबलाची ती रीतच होती. नोटा मोजून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतो न टाकतो तोच साहेबांचं बोलावणं आलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला दोन सरकारी पंच हवेत, तुम्ही जा. आता इथं हात पुढे करायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जांभळट उजेडात तळवे साधेच दिसले, जरा मळकट. "काही नाही," निरीक्षक म्हणाले, आणि पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं.

मग त्याला कळलं की दिव्याला पैसा दिसत नाही, पावडर दिसते. कोपऱ्यात बसलेल्या हवालदारानं पाचशेच्या सहा नोटांना कापसाच्या बोळ्यानं अँथ्रासीन लावलं. साध्या उजेडात काहीच कळेना. दिव्याखाली धरल्या तर नोटा निळसर चमकल्या. हवालदाराची बोटंही चमकली. "हे आपल्याबरोबर येणार नाहीत," निरीक्षकांनी पंचांना समजावलं. "पावडर लावणारा माणूस सापळ्यापासून लांब राहतो. नाहीतर त्याच्या हाताचं दुसऱ्याला लागायचं." म्हणजे तपासलेल्या हातांचे सगळे जीपमध्ये बसले आणि न तपासलेला एक हात कार्यालयात मागं राहिला.

तक्रारदार एक विधवा बाई होती. नवरा जाऊन वर्ष झालेलं, दीड एकराच्या सातबाऱ्यावर वारस नोंद होत नव्हती. भाऊसाहेबांनी, म्हणजे गावच्या तलाठ्यानं, पाच हजार मागितले, तडजोडीअंती तीन. भाच्यानं 1064 हा क्रमांक सांगितला. पडताळणीत भाऊसाहेबांचा आवाज रेकॉर्डरवर आला होता. विभागाच्या भाषेत ते आता "आलोसे" होते, आरोपी लोकसेवक. त्या सहा नोटा बाईच्याच होत्या, एक शेळी विकून आलेल्या.

चावडीपासून लांब, बाभळीखाली जीप तासभर थांबली. सोबतीचा पंच म्हणून कारकून बाईशेजारीच होता. बाई आपणहून बोलायला लागली.

"आमच्या माहेरी ज्वारीला गावानं मिळून एक राखण्या ठेवला होता. माळा बांधून दिला, गोफण दिली. पण गोटे पाटलाच्या वाड्यात. पाखरू बसलं की ह्यानं वाड्यावर जायचं, पाखरू कुणाच्या झाडावरचं ते सांगायचं, मग गोटा मिळायचा. तवर पाखरू पोट भरून गेलेलं."

"मग?"

"मग काय. रिकामा बसून भूक लागतीच की. राखण्या स्वतःच हुरडा खायला लागला. लोक म्हणायचे, राखण्या चोर. माझा आजा म्हणायचा, चोर हाये खरं, पण गोटे वाड्यात कुणी ठिवले?"

कारकुनाला हसू आलं. त्याला माहीत होतं ते बाईला माहीत नव्हतं. लाच घेताना जागेवर पकडायचं असेल तर कुणाला विचारावं लागत नाही. पण अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयात भ्रष्टाचार झाला का, याची साधी चौकशी करायलाही 2018 पासून सरकारची आगाऊ मंजुरी लागते. तीन हजारवाला सापळ्यात सापडतो. तीन कोटींचा निर्णय सहीनं होतो, आणि सहीला पावडर लावता येत नाही.

काम झालं की डोक्यावर पदर घ्यायचा, असा इशारा ठरला होता. बाई आत गेली, मागून कारकून गेला. भाऊसाहेबांनी खुर्ची पुढं केली, चहा मागवला आणि रेकॉर्डरला नीट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मावशी, पैसे कसले? आत ठेवा ते. सरकारी कामाला पैसे लागत नाहीत." बोलताना त्यांनी कारकुनाकडं पाहिलं आणि त्यालाही चहा देववला. चहा चांगला होता, हेच त्याला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं.

कार्यालयात परतले तेव्हा हवालदार बेसिनवर हात पुसत होता. अजून कुणी काही बोललं नव्हतं. "कोरडंच ना?" त्यानं विचारलं.

कारकुनानं ते ऐकलं. पंचनाम्यात ते लिहायला रकाना नव्हता, आणि त्यानंही सुचवलं नाही.

सापळा फसला, अशी एका ओळीची नोंद झाली. बाईच्या अर्जात मात्र लगेच त्रुटी निघाल्या, आधी प्रतिज्ञापत्राची, मग एका नणंदेच्या सहीची. भाच्यानं वरळीच्या मुख्यालयाला लिहिलं की आतूनच कुणीतरी फोन केला. उत्तर आलं, पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित घटकाकडं पाठवलं आहे. संबंधित घटक म्हणजे तेच कार्यालय.

मग लोकायुक्त. लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. कायदा 1971 चा, अंमल 1972 पासून. त्या कायद्यानं लोकायुक्त कागद मागवू शकतात, अधिकाऱ्याला बोलावू शकतात, शपथेवर विचारू शकतात. शेवटी मात्र करायची ती शिफारस. खात्यानं ऐकलं नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, तो विधिमंडळासमोर. तिथं कुणी वाचला तर वाचला. सुनावणीला बाई एस.टी.नं मुंबईला गेली. आतले साहेब भले होते, असं तिनं परत आल्यावर सांगितलं. "लई शांतपणे ऐकून घेतलं," ती म्हणाली. "गोटा त्यांच्यापाशीबी नव्हता."

शेजारच्या कर्नाटकात लोकायुक्तांच्या हाताशी स्वतःचे पोलीस होते, धाडी पडत होत्या, देशभर नाव होतं. तिथं 2015 मध्ये लोकायुक्तांच्या मुलालाच खंडणीच्या आरोपावरून अटक झाली, आणि वर्ष संपता संपता लोकायुक्तांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी सरकारनं वेगळा विभाग काढून भ्रष्टाचाराचं काम तिकडं दिलं. तो विभाग 2022 मध्ये उच्च न्यायालयानं मोडीत काढला. कारकुनानं हे पेपरात वाचलं होतं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. गोटे हातात दिले तरी तेच होतं म्हणायचं, मग आपल्या ड्रॉवरचं काय एवढं! अशा बातम्यांचा हाही एक उपयोग असतो.

हवालदाराचं काय झालं? काहीच नाही. ह्या विभागातली पोलीस मंडळी प्रतिनियुक्तीवर येतात. मुदत संपली की पुन्हा आपल्या पोलीस दलात, ज्या दलाचं नाव महसूल खात्याच्या जोडीनं सापळ्यांच्या यादीत वर्षानुवर्षं वर असतं. आज ज्याला पकडायचं, उद्या त्याच्याच हाताखाली हजेरी द्यायची. हवालदारही परत गेला, त्याच तालुक्याच्या ठाण्यात.

विभागातली माणसं बदलली, निरीक्षक म्हणून एक महिला अधिकारी आल्या. त्यांनी जुनी फाईल उघडली, पुन्हा पडताळणी केली, पुन्हा तोच पंच बोलावला. ह्या वेळी सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत गेले आणि पावडर लावणाऱ्याजवळ एक शिपाई बसवला गेला. सापळा लागला. पण पैसे भाऊसाहेबांनी घेतलेच नाहीत. त्यांच्या झिरोनं घेतले, हाताखालच्या खाजगी पोरानं. दिव्याखाली त्या पोराचे दोन्ही हात निळे उजळले. भाऊसाहेबांचे हात स्वच्छ.

आवाज रेकॉर्डरवर होता म्हणून दोघांनाही अटक झाली. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडी, म्हणून निलंबनही. मग खटल्याच्या मंजुरीची फाईल निघाली. सरकारी नोकरावर खटला भरायला नेमणूक करणाऱ्याची परवानगी लागते; कायद्यानं तीन महिने दिलेत, गरज पडली तर आणखी एक. चार महिने गेले, फाईल एका शंकेसह परत आली. दरम्यान निलंबनाचा आढावा झाला आणि भाऊसाहेब दुसऱ्या सजावर रुजू झाले. पोराला मात्र कुणी कामावर घेतलं नाही. त्याची आई एकदा बाईच्या दारात येऊन बसली होती म्हणे. दोघी काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही.

वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं. त्या सातबाऱ्याच्या जोरावर तिनं ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज केला, सोडतीत नाव निघालं, संच बसला, आणि मोका तपासणी होऊन फाईल कृषी कार्यालयात आली.

एका दुपारी ती टेबलासमोर उभी राहिली. "अगं बाई, तुम्ही व्हय भाऊ!" तिचा चेहरा उजळला. "म्हटलं कोण असंल इथं."

कारकुनानं फाईल काढली. सगळे कागद जागेवर होते. त्यानं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, पुन्हा पहिल्यावर आला. सवयीनं. टेबलाची रीत होती, पहिल्या खेपेला लगेच सही करायची नाही. तो काही बोलला नाही.

बाई त्याच्या बोटांकडं पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला, बाभळीखालच्या जीपमध्ये होता तसा. तिनं पदराची गाठ सोडली. आत पाचशेच्या दोन घडी घातलेल्या नोटा होत्या.

"किती ते तुम्हीच सांगा, भाऊ," ती म्हणाली. "ह्याला पावडर न्हाई."

कारकुनाचे हात फाईलवर होते. त्यानं ते उचलले, कुठं ठेवावेत ते सुचेना, म्हणून पुन्हा फाईलवरच ठेवले.

"ठेवा ते," तो म्हणाला.

टेबलावर की गाठीत, हे बाईला कळेना. ती नोटा हातात धरून उभी राहिली.