मैत्रिणीची चूक कधी सुधारावी?

बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध लागतं. मांस आणि दूधदुभतं एकत्र करायचं नाही, हा यहुदी धर्माचा नियम. त्यावरचा तोडगा मात्र अस्सल कोकणी. 1948 नंतर या समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले. काही इथेच राहिले.

आजीची अलिबागची मैत्रीण त्यांपैकीच. दोघी ऐंशीच्या पुढच्या. मैत्रिणीला आता नीट आठवत नाही. मलिद्याच्या पोह्यांत कधी वेलची सांगते, कधी जायफळ. आजी नुसतं "हो गं" म्हणते. पण एकदा तिनं मटणात दही घालायला सांगितलं, तेव्हा आजीनं लगेच अडवलं: "अगं, तुमच्यात चालत नाही."

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे चूक दिसली की दुरुस्त करायची, लहान असो वा मोठी. माणसाला हा न्याय लावता येईल? मला वाटतं, नाही. वेलची-जायफळावरून टोकलं, तर ती विसरते एवढंच तिला कळेल. दह्याचं तसं नाही. तो नियम तिनं स्वतः जन्मभर पाळलाय. तिथे गप्प बसणं म्हणजे तिच्या विसरण्याचा फायदा घेणं.

उतारवयात मैत्रिणीचं सगळंच लक्षात ठेवायची गरज नसते. तिला काय मोडायचं नव्हतं, तेवढं ठेवावं.