काशीची कावड

पूर्वी काशीयात्रा एका फेरीत पुरी होत नसे. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, तिथे अभिषेक करायचा, येताना सेतूची वाळू आणायची आणि ती पुन्हा काशीला येऊन गंगेत सोडायची, तेव्हा कुठे यात्रा सफळ झाली म्हणायचं. आमच्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू होता. आजी तो रोज पुसायची, उघडायची मात्र नाही. पाणी तिकडे, वाळू इकडे, यात कुणाला काय मिळालं, असं मी तिला विचारत असे. ती म्हणायची, "नेलंस ना, मग परत आणून द्यायला नको?"

बनारसच्या हॉकीची एक गोष्ट कळली तेव्हा आजीचं हे बोलणं आठवलं.

मोहम्मद शाहिद बनारसचा, जन्म १९६०. मॉस्को ऑलिंपिकमध्ये १९८० साली भारताने स्पेनला ४-३ हरवून सुवर्ण जिंकलं. त्या अंतिम सामन्यातला एक गोल शाहिदचा. पुढच्याच वर्षी पद्मश्री. पण जुने हॉकीवाले अजून बोलतात ते त्याच्या मनगटांबद्दल. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते, दुसरी गोलसर, आणि चेंडू त्या गोलसर बाजूने खेळायला नियमाची मनाई. म्हणजे डावीकडचा चेंडू उजवीकडे ओढायचा तर स्टिक क्षणात उलटी करायची, लगेच सुलटी. हे सगळं वरच्या डाव्या हाताचं काम. खालचा उजवा हात सैल, स्टिक त्याच्या मुठीत नुसती फिरत राहते. हे इतक्या झपाट्याने चालतं की चेंडू स्टिकला चिकटलाय असंच वाटावं. शाहिद असा पळत निघाला की समोरच्या बचावपटूला चेंडू दिसायचा, हाती लागायचा नाही.

ही मनगटं पुण्याच्या खडकीत एका पोराने मनात धरली. धनराज पिल्ले. वडील मैदानाची देखभाल करायचे, राहणं ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत. नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती. मोडकी स्टिक बांधून, सांधून धुळीच्या मैदानात खेळायचं. आई अंदलम्मा मुलांना खेळू द्यायची, हे त्या घरातलं मोठं भांडवल. एकलव्यासारखा त्याने शाहिदला आदर्श मानून आपला खेळ घडवला. मूळ तमिळ घरातला, खडकीत वाढलेला हा मुलगा १९८९ ते २००४ भारताकडून खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्ण मिळवलं. प्रशिक्षक होते एम. के. कौशिक, मॉस्कोच्या त्याच अंतिम सामन्यात शाहिदबरोबर गोल करणारे. सुवर्ण घेऊन आल्यावर लगेच पुढच्या संघात मात्र धनराजचं नाव नव्हतं. संघाबाहेर बसवलं जाणं म्हणजे काय, हे त्याने कर्णधार म्हणून जिंकून आल्यावर सोसलं. आणि चार ऑलिंपिक खेळूनही त्याच्या गळ्यात ऑलिंपिकचं पदक कधीच पडलं नाही. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

आता पुन्हा बनारस. भगतपूरचा ललित उपाध्याय, घरची परिस्थिती बेताची. यू. पी. कॉलेजच्या मैदानावर परमानंद मिश्र यांनी त्याला घडवलं. २००८ साली एका वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेऊन एका खेळाडूला भारतीय संघात घेण्याची बोलणी झाली. बनावट एजंट बनलेल्या पत्रकाराने त्यासाठी जे नाव पुढे केलं, ते ललितचं. पोराला त्याची गंधवार्ताही नव्हती. पण नाव देशभर झालं ते असं. ज्या वयात पहिल्यांदा वर्तमानपत्रात फोटो यावा आणि आईने तो कापून ठेवावा, त्या वयात तो तोंड लपवू लागला. हॉकी सोडून द्यावी, इथवर आला.

त्या वेळी धनराज पुढे आला. त्याने ललितला एअर इंडियाच्या संघात आणलं, तू फक्त खेळत राहा म्हणाला.

खेळाडू घडवणं म्हणजे डावपेच आणि सराव असं आपण समजतो. ते तर आहेच. पण मैदान सोडून निघालेल्या पोराला परत मैदानावर उभं करणं, हे मला त्याहून अवघड वाटतं. कुठल्या पुस्तकात ते शिकवत नाहीत. स्वतः कधी तरी दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसालाच दार नेमकं कुठे उघडतं ते ठाऊक असतं. रामेश्वराला न्यायची गंगा संत एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या जिवाच्या मुखात ओतली. कावड कुठे रिती करायची, हे त्या वेळी समोर कोण आहे त्यावरच ठरतं.

ललित २०१४ च्या विश्वचषकात भारताकडून उतरला. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ हरवून कांस्य जिंकलं, हॉकीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक. मॉस्कोच्या संघात एक बनारसी होता, टोकियोच्या संघातही एक बनारसी होता. कौशिक तीनच महिने आधी करोनाने गेले होते. शाहिद २०१६ मध्येच, छप्पन्नाव्या वर्षी.

पॅरिसचा ४ ऑगस्ट २०२४ चा उपांत्यपूर्व सामना मी श्वास धरून पाहिला. ब्रिटनविरुद्ध बराच वेळ भारताचे दहाच खेळाडू मैदानात. बरोबरी सुटली नाही, शूट-आउट लागलं. त्यात खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून एकटा निघतो, समोर एकटा गोलरक्षक, हाताशी आठ सेकंद. तिथे जोराचा फटका कामाला येत नाही. गोलरक्षकाला हलवायचं ते मनगटांनीच. भारताने चार गोल केले, त्यातला एक ललितचा. चारच दिवसांनी स्पेनला २-१ हरवून त्याच्या गळ्यात दुसरं कांस्य आलं.

पुढच्या वेळी काशीला जाईन तेव्हा घाटावर जायच्या आधी मला यू. पी. कॉलेजचं मैदान पाहायचंय. सकाळी लवकर जायचं, कडेला उभं राहायचं आणि पोरांचे चेहरे नाही, डावे हात बघायचे.