संशय कुणावर घ्यायचा?

खुनांची पुस्तकं आपल्या पोरांत फार वाचली जातात. लुमुंबा, केनेडी, माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग. एकेक प्रत दहा हातांतून फिरते, पुठ्ठा निघतो, पानं सुटतात. अभ्यासवर्गाला कधी न फिरकणारा पोरगासुद्धा असलं पुस्तक एका रात्रीत संपवतो. कारण उघड आहे. वेदापासून सात-बाऱ्यापर्यंत ज्यांना लेखी खोटं सांगितलं गेलं, त्यांना 'सरकार खोटं बोलतं' हे छापील वाचलं की कुणीतरी आपल्या मनातलं बोललं असं वाटतं.

ही पुस्तकं वाचावीत का, हा वादच नाही. वाचाच. मला टोचतोय तो दुसरा प्रश्न. पुरावा हातात नसताना संशय घेण्याचा हक्क आपल्याला आहे काय? आणि असला, तर तो कुठवर?

हक्क आहे म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. कागद ज्याच्या कपाटात असतात तोच ते जाळतो. सीआयएने माणसांच्या मेंदूवर औषधांचे प्रयोग केले, त्या एमके-अल्ट्राच्या फायली १९७३ साली संचालक रिचर्ड हेल्म्सच्या हुकमाने नष्ट झाल्या. मग दुबळ्याने पुरावा आणायचा कुठून? तळ्याला कुलूप घालायचं आणि वर तहानेचा दाखला मागायचा, असला हा न्याय. पॅट्रिस लुमुंबाला १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात गोळ्या घातल्या. प्रेत ॲसिडात विरघळवलं. प्रेतच नाही म्हटल्यावर पुरावा कसला? तरी लुडो दे विट्टे नावाचा बेल्जियन माणूस जुने सरकारी कागद उपसत बसला, १९९९ साली त्याचं पुस्तक आलं, आणि बेल्जियमच्या संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. २००१ साली समितीने बेल्जियमची नैतिक जबाबदारी कबूल केली. लुमुंबाचा एक दात एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने स्वतःजवळ ठेवला होता, तो २०२२ साली घरच्यांना परत मिळाला. एक दात! एवढंच उरलं होतं माणसाचं. पण तो परत आला तो दे विट्टेसारख्यांनी संशय घेतला म्हणून, आणि नुसता घेऊन ते थांबले नाहीत म्हणून.

आता शिकागो. दलित पँथर हे नाव आपण जिथून उचललं त्या ब्लॅक पँथरचा इलिनॉयमधला पुढारी फ्रेड हॅम्प्टन. वय २१. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमाराला पोलीस त्याच्या खोलीत घुसले. अंथरुणात शेजारी त्याची गरोदर साथीदार होती. तो उठलाच नाही. मार्क क्लार्क हा दुसरा कार्यकर्ता, वय २२, तोही गेला. पोलीस म्हणाले, पँथरनी गोळीबार केला, आम्ही जीव वाचवला. सरकारी वकिलाने फोटो दिले, 'शिकागो ट्रिब्यून'ने ते छापले: बघा, दारावर पँथरच्या गोळ्यांची भोकं. बातमीदार खोलीवर जाऊन बघतात तो काय, ती भोकं नव्हतीच. खिळ्यांची डोकी होती!

खोली पोलिसांनी सील केली नव्हती. पँथरनी ती लोकांना उघडी केली. हजारो काळी माणसं रांग लावून आत गेली, भिंती बघितल्या, गादीवरचं रक्त बघितलं. वकिलांनी एकेक भोक मोजलं, गोळी आतून बाहेर गेली की बाहेरून आत आली ते ताडलं, दार काढून जपून ठेवलं. १९७० साली केंद्राच्या ग्रँड ज्यूरीनेच सांगितलं की पोलिसांच्या गोळ्या ८० च्या वर आणि पँथरची फक्त एक. १९८२ साली केंद्र, काउंटी आणि शहर यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर भरले. मोजणारी माणसं नसती तर आज आपण काय म्हणत बसलो असतो? 'कट होता, कट होता.' आणि पलीकडचा म्हणाला असता, 'दाखव.'

(जाता जाता एक. ही पुस्तकं वाचून असं डोक्यात बसतं की सत्ता अंधारातच मारते. आपल्याकडे तिला अंधार लागत नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला सकाळच्या उजेडात १० माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. लोक गॅसचा टँकर पेटवणार होते, असं पुढे सांगण्यात आलं. आपला खिळा तो टँकर. गुंडेवार आयोगापुढे गोळीबाराचं समर्थन टिकलं नाही, आणि फौजदार मनोहर कदमला शिक्षा लागायला २००९ साल उजाडलं.)

शिकागोच्या त्या खोलीचा नकाशा पोलिसांपर्यंत कसा गेला? विल्यम ओनीलने काढून दिला. चोरीच्या गाडीच्या भानगडीत सापडलेला पोरगा, एफबीआयने खबऱ्या केलेला, पँथरमध्ये सुरक्षेचा प्रमुख झालेला. छाप्यानंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळालं. आणि संघटनेत खबऱ्यांच्या नावाने सगळ्यात जास्त ओरडणारा हाच! खबऱ्यांना धाक बसावा म्हणून विजेची खुर्ची करण्याची कल्पनाही याचीच. १९७३ साली तो उघडा पडला, तोही भलत्याच एका खटल्यात.

इथे माझं डोकं गरगरतं. कारण कोइंटेलप्रो नावाची एफबीआयची जी गुप्त मोहीम १९५६ ते १९७१ चालली, तिचं एक हत्यार म्हणजे संशयच होता. चांगल्या माणसावर खबऱ्याचा शिक्का मारायचा आणि गंमत बघायची. विल्यम अल्बर्टसन हा न्यूयॉर्कचा कम्युनिस्ट कार्यकर्ता. १९६४ साली त्याच्या अक्षरात एक खोटं पत्र बनवून एफबीआयने एका गाडीत टाकलं. पक्षाने त्याला हाकलून दिलं. आयुष्यभर तो सांगत राहिला की मी नाही. १९७२ साली गेला. १९८९ साली सरकारने त्याच्या बायकोला १ लाख ७० हजार डॉलर दिले. म्हणजे एकीकडे खरा खबऱ्या सुरक्षाप्रमुख, आणि दुसरीकडे निष्ठावान माणूस रस्त्यावर. मिलमधल्या पोरांना हे नवं नाही. साहेबाच्या कानाला कोण लागतो याची कुजबुज प्रत्येक खात्यात असते, आणि नाव नेहमी त्याचंच निघतं जो डबा एकटा खातो.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. सत्तेवर घेतलेला संशय बहुतेक वेळा सत्तेपर्यंत पोचतच नाही. ती फार लांब असते, तिला पहारे असतात. वाटेत जो एकटा सापडेल त्याच्यावर तो कोसळतो. माल्कम एक्सच्या खुनात मुहम्मद अझीझ आणि खलील इस्लाम या दोघांनी वीस-वीस वर्षं तुरुंगात काढली. त्यांना सोडवू शकतील असे कागद एफबीआयकडे आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे पडून होते. निर्दोष ठरायला २०२१ साल लागलं, तोवर इस्लामला मरून १२ वर्षं झाली होती.

आणि आपल्याकडे? बोलायला जड जातं, पण बोलतो. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि कुजबुज सुरू झाली. नाव कुणाचं निघालं? दिल्लीतल्या कुणा मंत्र्याचं निघालं नाही. माईसाहेबांचं निघालं. बामणाची बाई, डॉक्टर, घरात एकटी. चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक होता असं सरकारने १९५७ साली लोकसभेत सांगितलं. कुजबुजणारे म्हणाले, सरकारच ते, दुसरं काय सांगणार?

हा युक्तिवाद नीट तपासून बघा. सरकार 'हो' म्हणालं तर कट सिद्ध, 'नाही' म्हणालं तर कट आणखीच सिद्ध. असल्या संशयाला उत्तर देताच येत नाही. दारावरची भोकं जाऊन बघता येत होती. गोळ्यांची निघाली असती तर पँथर खोटे पडले असते, तरी त्यांनी खोली उघडी केली. आपण कुठली खोली उघडली? रोज वंदनेत आपण मुसावादा वेरमणी म्हणतो. जे मला फक्त वाटतं ते मला ठाऊक आहे असं सांगणं मुसावादात येतं की नाही? माझ्या मते येतं. बुद्धाने कालामांना हेच सांगितलं: ऐकीव आहे म्हणून, सगळे म्हणतात म्हणून मानू नका. त्यात सरकारचं ऐकीव आलं, तसं आपल्या चाळीतलंही आलं.

कागद बघायचाच असेल तर एक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली. मरणाच्या दारातून आपण परत आलो ते पत्नी आणि डॉक्टर मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असं त्यांनी त्यात स्वतः लिहून ठेवलंय. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने काढला, त्यात ती प्रस्तावना नाही. भगवान दास यांनी ती १९८० साली छापली. मधली २३ वर्षं तो मजकूर कुठल्या परक्या सरकारने दडवला नव्हता. माईसाहेब २००३ पर्यंत जगल्या.

येत्या अभ्यासवर्गाला ती प्रस्तावना मोठ्याने वाचायची असं मी सुचवतो. दीड-दोन पानं आहेत, वेळ लागणार नाही. ज्याला विरोध करायचाय त्याने जरूर यावं, येताना कागद घेऊन यावं.