चिंधीची भेट



आपल्या धाराशिवकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. तसेच उरलेल्या सुती कापडाचे थर धावदोऱ्याने शिवले की कपाखाली ठेवायचे छोटे चौकोन होतात. पण उरलेल्या कापडाची वस्तू भेट द्यावी का? मन कचरते. नको झालेले देणे म्हणजे नुसती अडगळ काढणे.

मग गोधडी आपण बाळंतिणीला अभिमानाने का देतो? कापड जुने असले तरी टाका नवा असतो. त्यात घातलेला वेळ उरलासुरला नसतो. यापोची दुर्कस वारली, तेव्हा विधवांनी रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले (प्रेषितांची कृत्ये 9:39). कापडाची किंमत कोणी काढली नाही.

भेट देताना स्वतःला विचारावे: हे मी माझ्या घरी पाहुण्यापुढे ठेवीन का? ठेवणार असाल, तर निःसंकोच द्या.