बंद तोंडाची बुलेट

चलथाणच्या साखर कारखान्यात फिटर असलेला एक नंदुरबारचा माणूस आपली 1989 ची बुलेट घेऊन नानांच्या गॅरेजवर आला. गाडी वडिलांची, म्हणून विकवत नव्हती. पण ड्युटीवरून घरी पोचेपर्यंत उजव्या पायाची पँट तेलाने माखलेली असायची. एका गॅरेजने सगळी पॅकिंग बदलून दिली होती, दुसऱ्याने जाड ऑइल भरलं होतं. जाड ऑइल हा गळतीवरचा उपाय नव्हेच. गळती राहते ती राहतेच, वर थंड इंजिनात ते रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते.

नाना मूळचे अमळनेरकडचे. हाताखाली बहिणीचा मुलगा होता. पोरगा कामाला चपळ, पण अलीकडे गप्प झालेला. दिवाळीच्या सुमारास त्याच्या हातून एका बोल्टचे आटे गेले, तेव्हा नानांनी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून काही बिघडलं तरी तो सांगत नसे.

"मामा, हेडचे नट आवळू?" त्याने पाना उचलला.

"आधी बघू दे. तेल जिथे टपकतं तिथूनच निघालेलं असतं असं नाही. चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, आणि उतार मिळाला की ते खाली येतं."

नानांनी ब्रश घेऊन इंजिन रॉकेलने धुतलं. फटीफटीतला चिखल काढला, फडक्याने कोरडं पुसलं आणि सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली. भाच्याला म्हणाले, "पलसाण्यापर्यंत जाऊन ये. फार पळवू नकोस."

गाडी परत आली तेव्हा पांढऱ्या पावडरीवर ओलावा स्पष्ट उमटला होता: टॅपेट कव्हरच्या कडेला, बोअरच्या बुडाशी, टायमिंग कव्हरच्या जोडावर.

"तिन्ही पॅकिंग गेली," पोरगा म्हणाला.

"नवी घातलेली तिन्ही एकदम कशी जातील?" नाना खाली बसले. चेंबरमधून निघालेला ब्रीदरचा रबरी पाइप त्यांनी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेला. टोकाला एक बोल्ट घट्ट ठोकलेला होता, वरून तारेने आवळलेला.

गिऱ्हाईक म्हणालं, "तो मीच ठोकलाय, नाना. त्यातून थेंब पडायचे. अंगणातल्या नव्या फरशीवर डाग पडत होते."

नानांनी तार तोडली आणि बोल्ट उपसला. इंजिन सुरू करून गिऱ्हाइकाचा तळवा पाइपाच्या तोंडाशी धरला. हवेचे धक्के बसत होते, भक्‌ भक्‌.

"346 सीसीचा एकच पिस्टन आहे. तो खाली आला की चेंबरमधली हवा दाबली जाते. तिला जायला ही एवढी वाट. बरोबर थोडं तेल येणारच. पूर्वी हा पाइप मागच्या चेनवर सोडायचे, म्हणजे तेल वाया जात नसे. तुम्ही वाट बुजवलीत, मग मिळेल त्या जोडातून हवा तेल घेऊन बाहेर पडली. धूर दाट नाही, म्हणजे रिंगा अजून चांगल्या आहेत."

दाबाने फाटलेलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग तेवढं नवं कापून घातलं. पाइपाचं तोंड एका छोट्या बाटलीत सोडलं. महिन्यातून एकदा रिकामी करायची. पुन्हा पावडर मारली, पुन्हा फेरी झाली. पावडर कोरडी राहिली. नानांनी एका पॅकिंगचे आणि मजुरीचे पैसे घेतले.

गिऱ्हाईक गेल्यावरही तो बोल्ट नानांच्या हातातच होता. बराच वेळ ते तो फिरवत भाच्याकडे बघत होते. पोरगा हत्यारं पुसत होता.

"तुझं काही अडलंय का रे?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

पोरगा थांबला. मग एकदम बोलला, "मामा, परवा त्या दूधवाल्याच्या गाडीचा ड्रेन बोल्ट आवळताना आटे गेले. मी पेस्ट लावून बसवला. तुम्हाला सांगितलं नाही."

जुने नाना असते तर पाना फेकला असता. रागाने त्यांचा चेहरा लाल झालाही होता.

"पेस्टवर तो टिकायचा नाही. रस्त्यात निसटला तर सगळं ऑइल जाईल, इंजिन धरेल," ते म्हणाले. "आत्ताच फोन कर. गाडी चालवू नका म्हणावं, आपण घरी येऊन घेऊन जातो. एक साइज मोठा टॅप मारू. मी पकडतो, तू मार."

पोराने फोन काढला.