जात्यासमोरची दुसरी जागा

गंज म्हणजे धान्याची पेठ. पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांनी मुसी नदीकाठची जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना दिली आणि हैदराबादच्या त्या भागाला अफझलगंज हे नाव पडलं. पेठेत ज्वारीचं वजन होतं, भाव ठरतो. ती दळणाऱ्या हातांची नोंद मात्र व्यापाऱ्याच्या वहीत मिळायची नाही. ती शोधायची तर अभंग उघडावे लागतात.

जनाबाई गंगाखेडची. 1948 पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हैदराबादला ती तशी परकी नाही. तिच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, केर भरतो, तुळशीच्या बनात तिच्या डोक्याला लोणी चोळतो. हा देव खरंच आला, की दमलेल्या मनानं त्याला बोलावून आणलं?

फ्रॉइडकडे उत्तर तयार होतं. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती; आणि 1927 च्या ‘द फ्युचर ऑफ ॲन इल्यूजन’नुसार देव म्हणजे आभाळाएवढा केलेला बाप. पहिली गोष्ट जनीला बऱ्यापैकी लागू पडते, दुसरी अजिबात नाही. तिचा विठोबा बघता बघता विठाबाई होतो, आई होतो. ती चिडली की शिव्याही खातो. बापाला अशा शिव्या कोण देतं?

जातं जड असलं की दोघी समोरासमोर बसतात. खुंटा एक, हात दोघींचे. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं द्यायचं, मध्येच मोकळ्या हातानं मूठभर दाणे वैरायचे. विठ्ठल येऊन बसतो तो या दुसऱ्या बाईच्या जागी.

सूझी थारू आणि के. ललिता या हैदराबादच्या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’चा पहिला खंड 1991 मध्ये आला. त्यात जनाबाई आहे. स्त्रीवादी नजरेनं तिला वाचताना आधी दिसतं ते घर, आणि ते तिचं नव्हे, नामदेवाचं. जनी तिथली दासी. संसार दुसऱ्याचा, कष्ट तेवढे हिचे. घरातलं कुणी उठत नाही, म्हणून देवाला उठावं लागतं. ही तक्रारच आहे, पण तेवढ्यानं भक्ती खोटी ठरत नाही. ‘भ्रम’ म्हणून झटकणारे आणि ‘लीला’ म्हणून हात जोडणारे, दोघेही त्या दळणाकडे बघायचं विसरतात.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. वारीला आलेल्या बायका खुंटा धरून ते फिरवून बघतात. दाणे नसतात, नुसती घरघर.