मोठे होण्याची मुभा

कॉड हा मासा उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सापडतो आणि त्याची जात सगळीकडे एकच. तरीही चार वर्षांचा कॉड कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यालगत सरासरी 0.6 किलोचा भरतो, तर आयर्लंडच्या दक्षिणेला केल्टिक समुद्रात 7.3 किलोचा. वय तेच, वजन मात्र बारा पट. मत्स्यशास्त्रज्ञ कीथ ब्रँडर यांनी 1995 मध्ये ठिकठिकाणच्या कॉडची ही तुलना मांडली, तेव्हा या तफावतीचे मुख्य कारण तापमान असल्याचे दिसले. बहुतेक माशांच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी थंड असेल तर भूक मंद, पचन मंद आणि वाढही मंद. लॅब्राडोरचे पाणी जवळजवळ गोठणबिंदूपाशी असते. केल्टिक समुद्र त्या मानाने बराच उबदार.

पण म्हणून ‘ऊब असेल तिथे मासा मोठा’ असा नियम बांधता येत नाही. उबदार पाण्यात मासा लवकर वाढतो, तसा लवकर वयातही येतो. एकदा वयात आला की खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा अंगाऐवजी गाभोळीत जातो. शिवाय उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नुसते जिवंत राहण्याचा रोजचा खर्च वाढतो. यातले निर्णायक कारण कोणते यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण अनेक जातींमध्ये उबेतला मासा भराभर वाढून लहान मापावरच थांबतो, हे वारंवार दिसले आहे. वेगाने वाढणे आणि मोठे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वेगाची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सिल्व्हरसाइड नावाचा वीतभरही नसलेला मासा असतो. डेव्हिड कोनोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे सिल्व्हरसाइड एकाच तापमानाच्या टाक्यांत वाढवले. जिंकले उत्तरेकडचे, म्हणजे थंडीतले. तिकडे उन्हाळा तोकडा. हिवाळ्यापूर्वी पुरेसे अंग भरले नाही तर पिल्लू मरते. त्यामुळे मिळालेल्या थोड्या दिवसांत झपाट्याने वाढण्याची ओढ पिढ्यानपिढ्या त्यांच्या रक्तात उतरली. मग दक्षिणेकडच्यांनी हा गुण का उचलला नाही? कारण त्याची किंमत आहे. झपाट्याने वाढणारे हे मासे पोहण्यात कमी पडतात आणि शिकारी माशांच्या तोंडी अधिक सापडतात. जिथे हिवाळ्याचा धाक नाही, तिथे हा सौदा परवडत नाही.

म्हणजे माशाचे माप ठरवताना पाणी बोलते आणि वंशही बोलतो. यात वरचढ कोण, याचे उत्तर नेवाडातल्या पिरॅमिड सरोवरात जितके स्वच्छ मिळते तितके क्वचितच कुठे मिळत असेल. पायूट आदिवासींच्या या सरोवरात लाहोंटन कटथ्रोट ट्राउट हा मासा अवाढव्य वाढत असे. 1925 मध्ये तिथे पकडलेल्या एका ट्राउटचे वजन साडेअठरा किलोंच्या वर भरले आणि कटथ्रोटचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. पण 1905 मध्येच सरोवराला पाणी पुरवणाऱ्या ट्रकी नदीवर शेतीसाठी डर्बी धरण बांधले गेले होते. पाणी कालव्यांत वळले, सरोवर उतरत गेले, अंडी घालायला नदीत चढणाऱ्या माशांची वाट तुटली. 1940 च्या दशकात हा वंश संपल्याचे मानले गेले.

पुढे 1970 च्या दशकात नेवाडा आणि युटाच्या सीमेवर पायलट पीक या डोंगरावरच्या एका अरुंद ओढ्यात काही लहानखुरे ट्राउट सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी ते तिथे आणून सोडले असावेत. जनुकीय तपासणीत ते पिरॅमिडच्याच नाहीशा झालेल्या वंशाचे निघाले. ज्यांचे भाऊबंद एकेकाळी अवाढव्य होत, ते या ओढ्यात पिढ्यानपिढ्या खुरटे राहिले होते. 2006 मध्ये त्यांची पिल्ले पुन्हा पिरॅमिडमध्ये सोडली गेली आणि सात-आठ वर्षांच्या आत दहा किलोंच्या पुढचे मासे गळाला लागू लागले.

या हकिकतीचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. त्याच सरोवरात त्याआधी कित्येक वर्षे दुसऱ्या तळ्यांमधले लाहोंटन ट्राउट सोडले जात होते. पाणी तेच आणि खायला टुई चबसारखे मासेही तेच असूनही ते जुन्या मापाच्या जवळ पोचले नाहीत. ओढ्यात वंश होता, पण जागा नव्हती. सरोवरात जागा होती, पण तो वंश नव्हता. बी आणि भुई एकत्र आल्यावरच पीक आले. उत्तम वाणाचे बीज आणून सोडले की मत्स्योत्पादन वाढेल, असे मानणारे आणि नदी मोकळी केली की सगळे आपोआप परतेल, असे मानणारे, दोघांचेही म्हणणे इथे अर्धेच खरे ठरते.

मात्र बी आणि भुई जुळूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे वेळ. बहुतेक मासे प्रौढ झाल्यावरही मंदपणे वाढत राहतात. एखाद्या भागात मोठे मासे मिळतात याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की तिथे त्यांना म्हातारे होऊ दिले जाते. ही मुभा काढून घेणारा सर्वांत मोठा शिकारी माणूस आहे, आणि तो निसर्गातल्या शिकाऱ्याच्या उलट वागतो. निसर्गात पिल्ले जास्त मरतात. मोठा मासा बहुतेकांच्या तावडीतून सुटलेला असतो. आपण नेमका तोच उचलतो.

याचे पर्यवसान कशात होते, हे कोनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी 2002 मध्ये दाखवले. सिल्व्हरसाइडच्या काही टाक्यांमधून दर पिढीला सर्वांत मोठे 90 टक्के मासे काढून घेतले, तर काहींमधून सर्वांत लहान 90 टक्के. चारच पिढ्यांत दोन्हीकडच्या माशांच्या सरासरी वजनात जवळपास दुपटीचा फरक पडला. समुद्रातही तसेच दिसले. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड 1992 मधल्या मासेमारीबंदीपूर्वी संख्येने कोसळत असताना अधिकाधिक लहान वयात आणि लहान मापावर अंडी घालू लागला होता. जाळे नुसते मासे नेत नाही. उरलेल्यांनी कसे वाढायचे, हेही ते ठरवते.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि 54 जातींसाठी पकडण्याचे किमान माप ठरवले. बारीक आसाच्या जाळ्यांत वयात न आलेली पिल्ले येतात, हे पाहता हा नियम हवाच होता. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. किमान माप माशाला एखाद-दोनदा अंडी घालू देते आणि त्यानंतर जाळ्याच्या हवाली करते. त्या मापाच्या खालीच वयात येऊन थांबणाऱ्या माशाला उलट त्यातून बक्षीस मिळते. शिवाय मोठी मादी वजनाच्या प्रमाणापेक्षा किती तरी अधिक अंडी देते. तिला गमावणे म्हणजे नुसता एक मासा गमावणे नव्हे.

म्हणून पिल्लांइतकेच संरक्षण थोराड माशांनाही हवे. काही जातींसाठी किमान मापाबरोबर कमाल मापही असावे. जिथे एकाच जाळ्यात पन्नास जाती येतात आणि निवड करता येत नाही, तिथे काही पाणी बारमाही बंद ठेवावे. कोळ्यांना हे आज तोट्याचे वाटेल आणि तो तोटा त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बंद पाण्याची भरपाई सरकारनेच द्यायला हवी. पण मासेमारीचे यश फक्त टनांत मोजत राहिलो तर वर्षाकाठी आकडा तोच राहून मासा आखूड होत गेलेला आपल्याला कळणारही नाही. किती मासळी आली, याच्या शेजारी ती किती वयाची होती, हेही सरकारी अहवालात छापले जायला हवे.